पान सत्तेचाळीस

संगणकावर पुस्तकांची पानं लावण्यात ताईची वीस वर्षं गेली होती. पडद्यावर अक्षर फाटलं, की बिघाड कुठे आहे ते तिला पाहताक्षणी कळायचं. पण आईच्या आठवणींच्या पुस्तकातल्या पान सत्तेचाळीसनं तिला जेरीस आणलं.

त्या पानावरच्या सात ओळी धूसर दिसत होत्या, कडा कुरतडल्यासारख्या. तिनं पान मोठं करून पाहिलं. फॉन्ट काढून पुन्हा टाकला. मशीन बंद करून चालू केलं. कागदावर छापलं, तर अक्षर लख्ख. पडद्यावर मात्र जैसे थे. दुरुस्तीवाला तासभर डोकं खाजवून उठला.

"ताई, मशीन ठणठणीत आहे. चष्म्याचा नंबर तपासा एकदा."

तो गेल्यावर तिनं पहिली धूसर ओळ सावकाश वाचली. 'दिवस'ची वेलांटी चुकली होती. तिनं ती सुधारली.

ओळ काळीभोर झाली.

दुसऱ्या ओळीत अनुस्वार राहिला होता. तिसरीत एक शब्द दोनदा पडला होता. सहा ओळी, सहा चुका. तिची पानं नेहमी तिचा थोरला भाऊ, दादा, तपासायचा. "घाई कसली गं एवढी?" म्हणत एकेक चूक दाखवायचा. त्याला जाऊन तीन महिने झाले होते.

सातवी ओळ आईनं लिहिली होती तशीच होती: 'थोरला त्या सकाळी माझ्यावर रागावून गेला.' चूक कुठेच नव्हती, तरी ती धूसरच.

दुपारची झोप काढून आई शेजारी येऊन बसली.

"आई, दादा खरंच रागावला होता?"

"भांडलोच ना आम्ही, त्याच्या औषधांवरून. ताडकन उठून बाहेर पडला, आणि रस्त्यातच..." आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "राहू दे तसंच. खरं आहे ते."

ताईनं 'माझ्यावर रागावून' पुसून टाकलं.

अक्षरं उजळू लागली.

"नव्हता गं रागावला तो," ताई म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे."

आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून तीन महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग तिनं पडद्याकडे पाहिलं. 'थोरला त्या सकाळी' आता स्वच्छ, टोकदार दिसत होतं.

'गेला' तेवढं धूसरच होतं.