दोन राजे शेजारी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि डोळ्यांसमोर आणा... नाशिकमधला एक हॉल, ओळीने मांडलेले बुद्धिबळाचे पट, आणि इतकी शांतता की पंख्याची करकर ऐकू यावी.

शेवटच्या फेरीत समोरासमोर आले सुवर्णा आणि ज्ञानेश. एकाच क्लबमध्ये शिकलेले, पण स्पर्धेत कधी गाठ पडली नव्हती. आज नेमकी पडली. आणि आजच संध्याकाळच्या बसने ज्ञानेश नोकरीसाठी हैदराबादला निघाला होता. त्याची बॅग खुर्चीशेजारीच होती.

"मळ्यातून थेट आलीस वाटतं? बोटं पिवळी दिसतायत."

"झेंडू तोडून आलेय. आता तुझा राजा तोडते."

"बघू. मी ड्रॅगनच खेळणार."

"माहितेय. तुला दुसरं येतं काय!"

सिसिलियन ड्रॅगन म्हणजे फार धारदार सुरुवात. दोघांचे राजे दोन बाजूंना, आणि दोघेही एकमेकांच्या राजावर धावून जाणार. घड्याळ सुरू झालं की बोलायला बंदी. मग सुवर्णा मोहऱ्यांनीच बोलत राहिली. तिने हत्ती दिला, घोडाही देऊन टाकला. पण मात होईना – उरला फक्त शह. वजीर इकडे, शह. राजा कोपऱ्यात. वजीर तिकडे, शह. राजा परत जागेवर...

तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की बरोबरी मागता येते. दोघांनाही हे पाठ होतं. कुणीच मागितली नाही. डाव संपला की तो उठणार – म्हणून तिने पुन्हा शह दिला. त्याने वर पाहिलं, आणि राजा अगदी सावकाश सरकवला.

शेवटी पंच आले. "अहो, पाचव्यांदा तेच! आता नियमाने मलाच थांबवावं लागतं. बरोबरी. राजे मधे ठेवा."

बरोबरी झाली की दोन्ही राजे पटाच्या मधोमध शेजारी उभे करायची तिथली पद्धत. दोघांनी ते ठेवले. बोटं किंचित लागली.

सुवर्णाची छोटी भाची वेदिका टाचा उंचावून बघत होती. "आत्या, राजे शेजारी उभे राहूच शकत नाहीत, असं तूच शिकवलंस ना!"

"डाव चालू असेपर्यंत नाही राहू शकत. संपल्यावर..."

"वेदिका," ज्ञानेश म्हणाला, "आत्याला विचार, दिवाळीपर्यंत माझी वाट बघेल का?"

"त्याला म्हणावं... आज नाही का थांबता येत?"

ज्ञानेशने घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

वेदिकाने सगळे मोहरे भराभर जागेवर मांडले. त्या दोन राजांना मात्र हातही लावला नाही. मग ती ज्ञानेशच्या बॅगेवर जाऊन ऐसपैस मांडी घालून बसली.