निघणाऱ्याचा हात

‘ओसरी’ केंद्रात म्हाताऱ्या माणसांना उघड्या हाताने कुणी शिवत नसे. कपाटात चाळीस हातमोजे टांगलेले असत आणि प्रत्येकावर दोन नावं असत: ज्याला शिवायचं त्याचं, आणि ज्याच्या हाताने शिवायचं त्याचं. सकाळी कांचन सिस्टर ‘मालन कोठावळे, लेक शलाका’ असं लिहिलेला मोजा चढवी आणि मालनबाईंची वेणी घाली. हात कांचनचा असे, पण तो फिरे शलाकासारखा.

प्रत्येकाची चालण्याची ढब वेगळी असते, तशी हात फिरवण्याचीही. वेग किती, दाब किती, कुठे थांबायचं, कुठून मागे वळायचं. डॉ. इरावती भोकरे यांनी तिला ‘हातचाल’ असं नाव दिलं होतं. आपल्या कातडीत काही फार बारीक मज्जातंतू असतात. कुणी सावकाश हात फिरवला की ते मेंदूला तेवढंच कळवतात. आठवणीच्या आजारात आधी नावं जातात, मग चेहरे, मग आवाज. हातचालीची ओळख सगळ्यांत शेवटी जाते, असं डॉक्टरांना आढळलं होतं. परका हात लागला की ओरडणारी, घास थुंकणारी माणसं आपल्या माणसाच्या हातचालीने शांत होत.

अशी हातचाल नोंदवून ती दुसऱ्याच्या हाताकडून करवून घेणारा मोजा मात्र एकट्या डॉक्टरांना जमला नव्हता. पहिल्या मोज्यात त्यांनी बारीक मोटारी बसवल्या होत्या. मिरजेत सतारी बनवणाऱ्या दस्तगीरभाईंनी तो घालून पाहिला आणि म्हणाले, “पोलिसानं मनगट धरल्यागत वाटतंय.” मग त्यांनीच मोटारींची संख्या कमी करून तारा ओढल्या. कुणाचा खांदा दुखतो, कुणाला कानामागे हात लागलेला खपत नाही, हे कांचनने सांगितलं. तिघांच्या मेळातून मोजा उभा राहिला आणि केंद्रातल्या झोपेच्या गोळ्या जवळजवळ बंद झाल्या.

शलाका आठ वर्षांनी ओसाकाहून परत आली, ती कायमची. नोकरी सोडून आली होती. बॅग दारातच ठेवून तिने आईच्या पाठीवरून हात फिरवला. मालनबाई अंग चोरून भिंतीकडे सरकल्या.

“कोण बाई ही?”

“आई, मी. शलाका.”

“शलाका असती तर मला कळलं नसतं होय?”

डॉक्टरांच्या खोलीत शलाका बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत बसली.

“तिकडे काम काय करत होता?” डॉक्टरांनी विचारलं.

“हेच. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, कपडे बदलायचे. दिवसाला अकरा जण.”

“मग हात बदलणारच. तो आता कामाचा झाला आहे. नेमका आणि भरभर चालणारा.”

“तर आताच्या हाताची नोंद घ्या. नवा मोजा करा. तिला मी हवी आहे ना?”

नोंद घेतली गेली. जुन्या मोज्याच्या तारा नव्या चालीला जुळवायच्या म्हणून दस्तगीरभाईंना बोलावलं. त्यांनी तो मोजा घालून स्वतःच्याच दंडावर फिरवला, डोळे मिटून, दोनदा.

“ही जुनी नोंद कधीची?”

डॉक्टरांनी तारीख पाहिली. शलाका म्हणाली, “मी गेले त्या दिवसाची. दुपारी इथे आले, आईला ठेवायच्या कागदांवर सही केली, तिला भेटले. रात्री गाडी होती.”

“तरीच.”

“तरीच काय, दस्तगीरभाई?”

“वाजवणारा उठायच्या बेतात असला की शेवटच्या फेऱ्या लांबवतो, डॉक्टर. हे बोट बघा. सुटतंय, परत मागं येतंय. हा निघणाऱ्याचा हात आहे.”

कांचन दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, “मालनआजी रोज गाडीची वेळ विचारतात. आम्ही म्हणायचो, आजारच तो.”

डॉक्टरांनी नोंदवही उघडली. मुलं सहीला येत ती जायच्या दिवशीच. पुणे, मस्कत, मेलबर्न. त्याच भेटीत नोंद उरकायची, ही सोय त्यांनीच लावली होती. चाळीसपैकी सदतीस नोंदी तशा निघाल्या. वजन, झोप, रक्तदाब त्यांनी रोज मोजला होता. हात कोणत्या दिवसाचा, हे विचारायचं राहून गेलं होतं.

“म्हणजे आठ वर्षं ती मला रोज पोचवते आहे,” शलाका म्हणाली.

डॉक्टरांनी वहीतलं मालनबाईंचं पान काढलं. मग म्हणाल्या, “जुना मोजा बंद करून नवा हात ओळखीचा व्हायला दोन महिने तरी लागतील. तोवर त्या जेवतील याची खात्री मी देऊ शकत नाही. वजन अडतीस किलो आहे.”

शलाकाने मोज्यासाठी हात पुढे केला. “राहू दे हाच. आज मी घालते.”

दुपार होती. ती आईच्या मागे बसली आणि वेणी सोडू लागली. तिच्या बोटांना पुढे पळायचं होतं, तारा त्यांना मागे ओढत होत्या. आपलंच बोट केसांतून सुटून पुन्हा मागे येताना तिला कळत होतं. मालनबाईंचे खांदे सैल पडले.

“आलीस होय.”

“आले. आता कुठं जाणार नाही मी, आई.”

“खुळी का काय? तिकीट काढलंय नव्हं?” मालनबाईंनी मागे न बघता तिचा हात थोपटला. “रडू नकोस. पोचलीस की कळव म्हणजे झालं.”

कांचनने ताट आणून ठेवलं. भाकरी, दुधीची भाजी, वाटीत ताक. शलाकाने पुढे येऊन घास केला. मालनबाईंनी तोंड फिरवलं.

“जेव ना गं.”

“तू निघाल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरायचं नाही. ऊठ, उशीर होतोय तुला.”

शलाका हलली नाही. दहा मिनिटं गेली. भाजीवर तेलाचा थर धरला. मालनबाई दाराकडे, मग तिच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांची बोटं पदराशी चाळा करू लागली.

“ताई,” कांचन दारातून म्हणाली, “आम्ही रोज थोडा वेळ बाहेर जातो. तेवढंच करावं लागतं.”

शलाकाने आईच्या डोक्यावर मोज्याचा हात ठेवला. तारांनी तो जेवढा वेळ ठेवायचा तेवढा ठेवला, मग सोडवला. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि बाहेर गेली. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती उभी राहिली.

आत मालनबाईंनी पावलांचा आवाज थांबेपर्यंत कान दिला. मग ताट पुढे ओढलं आणि भाकरी मोडली.