आधी अण्णा वाचणार

श्रीरंगला त्या दिवशी एवढंच काम होतं, मुलीची कॉलेजातली जागा नेटवरून पक्की करायची. स्वरदाला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला होता. कॉलेजच्या साइटवर जायचं, नियम वाचल्याची खूण करायची आणि एक बटण दाबायचं. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. पाचनंतर जागा पुढच्या मुलाला जाणार. एवढ्याशा कामासाठी त्यानं वाळूजच्या कारखान्यातून रजा टाकली, आणि दुपार कलली तरी ते बटण काही डोळ्यांना दिसलं नव्हतं.

जुलै लागला होता तरी पावसाचा पत्ता नव्हता. दुष्काळाचं हे लागोपाठ दुसरं वर्ष. गारखेड्यात त्यांच्या घरासमोर मोठी इमारत उठत होती, तिच्या बोअरनं गल्लीचं सगळं पाणी ओढून घेतलेलं, आणि तिच्या सिमेंटची धूळ मात्र बिनबोभाट घरोघर पोचायची. म्हणून खिडक्या बंद. मागच्या खोलीत तर भरदुपारीही दिवा लावावा लागे. ती खोली अण्णांची, म्हणजे श्रीरंगच्या वडिलांची. श्रीधरपंत, कलेक्टर कचेरीतले निवृत्त कारकून. हिवाळ्यात ते गेले आणि त्यांच्या टेबलावर घरचा जुना कॉम्प्युटर आला.

त्यावर श्रीरंगनं हौसेनं प्रॉक्सी बसवली होती. प्रॉक्सी म्हणजे मध्ये बसणारा एक प्रोग्राम. नेटवरचं प्रत्येक पान आधी त्याच्याकडे येतं, तो जवळ एक प्रत ठेवतो आणि मग पान पुढं देतो. तेच पान पुन्हा मागितलं की जवळचं काढून देतो, म्हणजे काम झटपट. निदान तसं म्हणतात. श्रीरंगच्या घरी ती बसवल्यापासून पानं येत नव्हती, यायचा विचार करत होती.

त्यानं काय केलं नाही? मोडेम बंद करून चालू केला. साठवलेल्या प्रती पुसल्या. वायर बदलली. मदत केंद्रातला मुलगा गोड आवाजात तीनतीनदा म्हणाला, "सर, आमच्या बाजूनं सगळं ठीक दिसतंय," आणि श्रीरंगला त्याच्या बाजूला जाऊन त्याचा कान धरावासा वाटला.

"अहो, टँकर आलाय," त्याची बायको मीनाक्षी दारातून म्हणाली. "पाइप कोण धरणार?"

"मी इथून उठलो की पान येतं आणि वेळ संपली म्हणून निघून जातं. तू धर."

"मी धरते. पण तुमची ही प्रॉक्सी ना, अगदी अण्णांवर गेलीय. आधी स्वतः वाचणार, मग आपल्याला देणार."

ती हसत निघून गेली. श्रीरंगलाही हसू आलं, कारण ते खरंच होतं. घरात आलेला प्रत्येक कागद आधी अण्णा वाचायचे. पेपर, लग्नपत्रिका, पोरांच्या नावची पत्रंसुद्धा. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचायचे, शेवटी "हं" म्हणायचे, आणि त्या "हं" नंतरच कागद दुसऱ्याच्या हातात पडायचा. श्रीरंगच्या बहिणीला, वैदेहीला, नागपूरहून नोकरीचं बोलावणं आलं होतं, तर ते इंग्रजी पत्र मुलाखतीची तारीख उलटेपर्यंत अण्णांच्या उशाखाली राहिलं. विचारलं तेव्हा म्हणाले, "वाचून व्हायचं होतं." मुलीनं परगावी एकटं राहणं त्यांना पटत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बोललं कुणीच नाही. श्रीरंगही नाही.

शेवटी त्यानं इंद्रजीतला बोलावलं. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा हा सिल्लोडचा तरुण लोकांच्या वेबसाइट बांधून द्यायचा. तो खुर्चीत बसला आणि त्यानं आधी प्रॉक्सीच बंद केली.

"आता मधी कुणी नाय. आता पळंल."

पान पळालं नाही. पांढऱ्या पडद्यावर ते छोटं चाक फिरत राहिलं.

"लई अजब हाय," इंद्रजीत म्हणाला. "थांबा. आमच्या तीन साइट एकाच मशीनवर हायेत, इथंच, शहरात. त्या उघडून बघू." त्यानं एका उर्दू अखबाराची साइट उघडली. टिचकी मारताक्षणी पान हजर. "बघा, नेट चांगलं हाय." मग एका मराठी शाळेची उघडली. ती जरा घुटमळली आणि आली. मग एका इंग्रजी कॉलेजची. चाक फिरू लागलं ते थांबेचना.

"मशीन एकच, वायर एकच," इंद्रजीत डोकं खाजवत म्हणाला. "फोटो लगेच येत्यात. मजकूर तेवढा अडतोय. जितका मोठा मजकूर, तितका उशीर. असं कुठं असतंय का?"

श्रीरंगला अण्णांचं ओळीवरचं बोट आठवलं.

अण्णा निजामाच्या राज्यात शिकले होते. शाळा उर्दू. उर्दू कागद ते एका नजरेत वाचायचे. मराठीला बोट लागायचं. आणि इंग्रजी... इंग्रजी ते एकेक अक्षर जुळवत वाचायचे.

खोलीत पंख्याचा आवाज होता, बाहेर टँकरच्या पाण्याचा. आणि त्या दोन्हींच्या खाली, टेबलाच्या अगदी जवळ, कुणीतरी घसा न उघडता म्हणालं, "हं."

इंग्रजी कॉलेजचं पान उघडलं.

इंद्रजीतनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. "काका, तुम्ही काय म्हणलात का?"

"नाही," श्रीरंग म्हणाला.

स्वरदा दारात येऊन उभी होती. सकाळपासून ती रडकुंडीला आलेली. "बाबा, पाच वाजत आले. नियमांचीच चाळीस पानं आहेत म्हणे. माझी जागा जाणार का?"

चाळीस पानं, इंग्रजी. श्रीरंगला एकदम वैदेहीची आठवण झाली, उशीकडे बघत उभी राहिलेली. त्या दिवशी त्यानं उशी उचलली नव्हती. पडद्याकडे बघत तो हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, द्या ते. तिचं आहे."

चाक फिरत राहिलं.

"चल," तो स्वरदाला म्हणाला, आणि स्कूटरची किल्ली घेऊन निघाला. चौकातल्या सायबर कॅफेत गर्दी होती. एका कॉलेजकुमाराला त्यानं अक्षरशः हात जोडून उठवलं. पान चटकन आलं. स्वरदानं खूण केली, बटण दाबलं, आणि पडद्यावर तिचं नाव हिरव्या अक्षरात उमटलं. पाचाला थोडासाच वेळ उरला होता. ती हमसून रडली. श्रीरंगला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. यावेळी आपण उशी उचलली, एवढंच त्याच्या मनात होतं.

पुढं स्वरदा पुण्याला गेली. ती गेली त्याच दिवसापासून घरचं नेट असं काही पळू लागलं की मीनाक्षीलाही नवल वाटलं. मराठी, इंग्रजी, काहीही मागा, पान तयार. मागच्या खोलीत आता कुणी बसल्यासारखं वाटायचं नाही. अण्णा सुटले, श्रीरंग स्वतःशीच म्हणाला, आणि त्यानं प्रॉक्सी कायमची काढून टाकली.

गणपती झाल्यावर एका दुपारी स्वरदाचा फोन आला.

"बाबा, वैताग आलाय. होस्टेलवर सगळ्या मुलींचं नेट मस्त चालतं. माझंच अडतं. नवा लॅपटॉप घेतला तरी तेच. परवा स्पर्धेचा फॉर्म भरायचा होता, दिल्लीला जायचं होतं. पान आलं ते तारीख गेल्यावर."

श्रीरंग भिंतीला टेकला.

"बाबा? आहात ना?"

"आहे. एक कर. एखाद्या उर्दू पेपरचं पान उघड."

"मला कुठं उर्दू येतं?"

"तुला नाही येत. उघड."

कळा दाबल्याचा आवाज आला.

"अगंबाई... हे तर लगेच आलं." ती क्षणभर घुटमळली. "पण बाबा, तुम्ही आत्ता 'हं' का म्हणालात?"

श्रीरंगनं तोंडही उघडलं नव्हतं.