खडूची काळी रेघ

"श्रीहरी, साबणाचं पाणी चाकावर टाक, माझ्या डोक्यावर नको!" वेदश्री ओरडली.

"तू चाकाच्या आड बसलीस तर मी काय करू?"

"मी आतून घासतेय! तुझ्यासारखं वरवर पुसत नाही!"

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. हुबळी-धारवाडात त्या दिवशी सायकलीपासून ट्रकपर्यंत प्रत्येक वाहन धुऊन, हार घालून पुजलं जातं. रायापूरच्या घरामागे श्रीहरी, त्याची धाकटी बहीण स्नेहा आणि हुबळीच्या दुर्गदबैल पेठेतून सुट्टीला आलेली चुलतबहीण वेदश्री सकाळपासून याच कामाला लागली होती. श्रीहरीच्या थोरल्या बहिणीची, रूपालीअक्काची गाडी ठोकळ्यांवर उभी होती. चारी चाकं काढून अंगणात मांडली होती. रविवारी याच गाडीने अक्का मातीच्या रस्त्यांवरची रॅली पळवणार होती. त्या रॅलीत गाडी चालवणारी ती एकटीच मुलगी, त्यामुळे घरातल्या मांजरापर्यंत सगळे रॅलीचंच बोलत होते.

"रंग कसला झकास दिलाय अण्णांनी!" श्रीहरी म्हणाला. चारी अलॉय चाकं तांबूस सोनेरी चमकत होती.

अण्णा म्हणजे वादिराजअण्णा. अक्काच्या गाडीचे मेकॅनिक आणि श्रीहरीचं दैवत! अण्णांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या की हाही दुमडायचा. शाळा सुटली की गॅरेज आणि घरी आलं की अण्णांच्या गोष्टी. आई म्हणायची, "या पोराला डबा गॅरेजातच पाठवावा झालं!"

"पण जुना राखाडी रंग चांगला होता की. चारी चाकं कशाला रंगवली?" वेदश्रीने विचारलं.

"खंडेनवमीसाठी! अण्णांनी अक्काला न सांगता रंगवून आणली. भेट म्हणून!"

तेवढ्यात गाडीखालून स्नेहाचा आवाज आला. "दादा, अक्का सरावाला कुठं गेली होती रे?"

"शनिवारी? नवलगुंदच्या बाजूला. का?"

स्नेहा बाहेर आली. नाकाला चिखल, हातात मातीचं ढेकूळ. "तिकडं काळी माती. ही बघ, वर काळी आणि खाली लाल! आणि हे काय आहे सांग."

मडगार्डच्या आत दडपलेलं एक मोठं, वाळकं, खरखरीत पान होतं. वेदश्रीने ते उलटंपालटं केलं. "सागवान! अळणावरच्या जंगलातलं. आजोळी जाताना ढिगानं दिसतं. पण अक्का तर तिकडं गेलीच नाही ना?"

"गाडी मागच्या आठवड्यात कुठं होती?" स्नेहाने विचारलं.

श्रीहरीने हातातलं फडकं बादलीत टाकलं. मागच्या आठवड्यात गाडी क्लचच्या कामासाठी अण्णांच्या गॅरेजात होती.

वेदश्रीने तिसऱ्या चाकाच्या आतून पुन्हा बोट फिरवलं. "इथं उंचवटा लागतोय. बाकीच्या तिन्हींना नाही."

श्रीहरीने हात घातला. बोटाला जे लागलं ते काय असतं हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याला ते माहीत नसतं तर बरं झालं असतं! ते वेल्डिंग होतं. गेल्या सुट्टीत अण्णांनीच त्याला शिकवलं होतं. "नोडप्पा, हे बघ, लोखंडी रिम गरीब. दगडावर आपटली की वाकते. वाकून सांगते, मला लागलंय. हातोड्यानं ती सरळ करता येते. अलॉय हलकी, ताठ, राजबिंडी. पण तिला तडा गेला की बोलत नाही. हसत हसत चालते आणि एके दिवशी वळणावर दोन तुकडे! रॅलीची जाड असो की शहरातल्या गाडीची नाजूक, तडा गेलेली अलॉय भंगारात. जोड द्यायचा नाही!"

आणि तडा ओळखायची युक्तीही अण्णांचीच. श्रीहरीने ती शपथ घेतल्यासारखी पाठ केली होती. चाकाला डिझेल लावायचं. जरा वेळ थांबायचं. मग कोरडं पुसून वर खडूची पूड टाकायची. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उठते.

"डिझेल आण!" वेदश्री म्हणाली.

स्नेहाने दप्तरातले सगळे खडू वरवंट्याखाली घातले. तिघांनी चाक आडवं केलं, डिझेल लावलं, पुसलं, पूड टाकली आणि श्वास रोखून वाट पाहिली.

पाचेक मिनिटांत रेघ उठली. आधी केसाएवढी, मग ठळक. ती जोडापाशी संपत नव्हती, जोड ओलांडून बोटभर पुढे गेली होती. शनिवारच्या सरावात तडा वाढला होता, वरचा रंगही त्याच्याबरोबर फाटला होता.

"रविवारी वळणावर..." स्नेहा एवढंच बोलली आणि रडायला लागली.

"अण्णांना माहीत नसणार!" श्रीहरी ओरडला. "त्यांनाच कुणीतरी फसवलं असणार! अण्णा असं करणारच नाहीत!"

"रंग त्यांनी दिला, श्रीहरी. गाडी त्यांच्याकडे होती," वेदश्री म्हणाली.

"माहीत नसणार म्हटलं ना!"

दुपारी रूपालीअक्का रॅलीचे कागद भरून आली. मुलांचं चाकाबद्दलचं बोलणं ऐकायलाही तिला फुरसत नव्हती. "अण्णांनी बघितलंय म्हणजे बघितलंय," ती हसत म्हणाली. मग तिने ती रेघ पाहिली आणि हातातलं हेल्मेट खाली ठेवायचंच विसरली. ती चाकाशेजारी उकिडवी बसली आणि तिने रेघेवरून बोट फिरवलं.

"माझा जीव यावर होता," ती हळूच म्हणाली. "आत्ताच जाऊन विचारते!"

"अक्का, थांब," वेदश्री म्हणाली. "विचारलंस तर काहीतरी सांगतील. त्यांना माहीत होतं की नाही ते त्यांच्याच हातून कळू दे." आणि तिने अक्काच्या कानात आपला बेत सांगितला. श्रीहरीने तो मान्य केला तो एकाच आशेवर. यात अण्णा निर्दोष ठरतील!

खंडेनवमीला अण्णांचं गॅरेज फुलांनी भरलं होतं. नटबोल्टचे पाने, जॅक, हातोडे कुंकू लावून ओळीने मांडले होते. अक्काने गाडी टेम्पोवर घालून आणली आणि चारी सुटी चाकं मुद्दाम उलटसुलट क्रमाने मांडून ठेवली. खडू तर मुलांनी केव्हाच धुऊन टाकला होता.

"बा, बा, ये हिरो!" अण्णांनी श्रीहरीच्या पाठीवर थाप मारली. एरवी त्या थापेने त्याची छाती फुगायची. आज त्याला पाठ चोरावीशी वाटली.

नारळ फुटला. अक्का म्हणाली, "अण्णा, आता चाकं चढवू आणि एक जोरात फेरी मारू. तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

"मी? आज? छे छे, माणसं येतायत पूजेला!"

"मग आम्ही बसतो!" स्नेहा टुणकन पुढे आली. "आम्ही तिघं!"

"पोरांनी बसायचं नाही!" अण्णा एवढ्या जोरात ओरडले की प्रसाद वाटणारा माणूस दचकला. लगेच ते सावरून हसले. "सरा बाजूला. चाकं मी चढवतो."

ते चाकांपाशी बसले. पहिल्या चाकाच्या आतून त्यांनी हात फिरवला आणि ते पुढच्या बाजूला ढकललं. दुसरं, तेही पुढे. तिसऱ्याच्या आतून हात फिरवताना त्यांची बोटं एका जागी थांबली. बाकीच्यांना काहीच दिसलं नाही. श्रीहरीला दिसलं.

"हे मागं घालू," अण्णा म्हणाले. "मागं भार कमी असतो."

"हेच का, अण्णा?" श्रीहरीने विचारलं. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"अं?"

"चारी चाकं सारखीच आहेत की. मग हेच का मागं?"

अण्णांनी वर पाहिलं. श्रीहरीच्या मुठीत खडू होता.

 अण्णांनी चाक जमिनीवर आडवं ठेवलं. मग त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. मित्रांना रॅलीची गाडी दाखवायची हौस आली. एका दुपारी अळणावरच्या रस्त्याला नेली. मोरीपाशी दगड लागला आणि चाकाला तडा गेला. नवं चाक रॅलीआधी मिळेना. तीस वर्षांत हातून असं कधी झालं नव्हतं, सांगायची लाज वाटली. म्हणून जोड दिला आणि जोड झाकायला चारी चाकं रंगवली.

"टिकेल असं वाटलं, रूपाली."

"तुम्हाला वाटलं असतं तर माझ्या शेजारी बसला असतात," अक्का म्हणाली.

"तुम्हीच शिकवलंत!" श्रीहरी किंचाळला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "जोड द्यायचा नाही, तुम्हीच म्हणालात! मी सगळ्यांशी तुमच्यासाठी भांडलो, अण्णा! कालसुद्धा भांडलो!"

 अक्का आणि मुलं गाडी आणि चाकं टेम्पोत घालून परत गेली आणि प्रसाद तिथेच राहिला.

रविवारी अक्का जुन्या, जड लोखंडी रिम लावून पळाली. एका दगडावर पुढचं चाक चांगलंच आपटलं आणि वाकलं. गाडी थडथडत राहिली, पण अखेरपर्यंत पोचली. सातवा नंबर! अक्का उतरली ती धावत मुलांकडे आली आणि तिघांना एकदम मिठी मारली.

धारवाडच्या कोर्टात वकिली करणाऱ्या अप्पांनी, म्हणजे श्रीहरीच्या वडिलांनी, त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, "एवढा चोख पुरावा माझ्या अशिलांनी कधी आणला नाही! पोरांनो, तुम्ही माझी लेक वाचवलीत."

स्नेहा लाजून लाल झाली. वेदश्रीने खोटं खोटं वाकून नमस्कार केला. श्रीहरीही हसला, पण त्याला आनंद काही झाला नाही. जिंकलो तर कुणाला हरवलं, हेच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी अक्का म्हणाली, "अण्णांनी स्वतःच्या खर्चानं नवं चाक मागवलंय. आणायला येतोस?" तो आधी नाही म्हणाला, मग गेला.

अण्णा वाटच बघत होते. दोघांनी एकमेकांकडे नीट पाहिलं नाही. नवं कोरं राखाडी चाक टेबलावर होतं. "घेऊन जा," अण्णा सवयीने बोलून गेले, "मी बघितलंय म्हणजे..."

पुढचं वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. त्यांनी डिझेलचा बोळा उचलला आणि श्रीहरीपुढे धरला. "तू बघ."

आधी श्रीहरी अण्णांच्या शब्दावर डोळे मिटून चालला असता. आज त्याने बोळा घेतला. चाकाला आतून-बाहेरून डिझेल लावलं. घड्याळ लावून वाट पाहिली, पुसलं, खडूची पूड टाकली. अण्णा एका बाजूला हात बांधून, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे होते.

पूड पांढरीशुभ्र राहिली.

"चाक चांगलं आहे," श्रीहरी म्हणाला. मग त्याने चाक उलटं केलं आणि पहिल्यापासून पुन्हा एकदा तपासलं.