कालव्याच्या पुलावर आधी कोण?

मी उजवा इंडिकेटर दिला आणि डावीकडे वळले.

असं माझं अधूनमधून होतं. हाताला एक वाटतं, मनाला दुसरं... आणि गाडी बिचारी दोघांच्या मध्ये सापडते. पण त्या सकाळी माझ्या मागे पावाच्या बेकरीची पांढरी व्हॅन होती आणि मी उजवीकडे जाणार असं समजून ती माझ्या डाव्या अंगाने पुढे निघाली होती. ब्रेक किंचाळले. दोन गाड्यांच्या मध्ये हातभर जागा उरली असेल-नसेल. माझ्या गाडीत बालवाडीची सगळी पिलावळ होती. क्षणभर सगळी चिडीचूप. मग मागच्या सीटवरून एक बारीकसा आवाज आला, "परत कर ना."

पाववाला उतरून आला. मी काच खाली केली आणि शिव्या खायला मान खाली घातली. चूक शंभर टक्के माझी होती. पण त्याने आधी वाकून मुलांकडे पाहिलं, कुणाला लागलं नाही ना याची खात्री केली, आणि मग मला म्हणाला, "अहो, माफ करा. तुम्ही मान डावीकडे वळवली होती... मी आपला इंडिकेटरकडेच बघत बसलो."

आता याला काय उत्तर देणार? माझ्या मानेवर विश्वास ठेवला नाही म्हणून तो माझी माफी मागत होता. मी "बरं" म्हणाले. नुसतं "बरं"!

बालवाडी माझ्या मावशीची. मी गाडी चालवते, मावशी मागे बसून कुणाची नाकं पुसते, कुणाचे उलटसुलट पायांत घातलेले बूट बदलते. ती दिवसभर त्या प्रसंगाबद्दल काही बोलली नाही. संध्याकाळी मात्र खेळण्यांचा पसारा आवरता आवरता म्हणाली, या रस्त्यावरचा प्रत्येक बाप्या तुला ताई म्हणतो. हा नाही म्हणाला.

मी म्हटलं, घाबरला असेल.

"हो ना," मावशी म्हणाली. "दिसत होतंच."

कोण घाबरलेलं दिसत होतं, ते काही तिने सांगितलं नाही.

आमच्या वाटेवर कालव्याचा पूल आहे. एका वेळी एकच गाडी जाईल एवढाच. तिथे ना दिवा, ना पोलीस. पण सगळ्यांनी पाळलेली एक रीत आहे. ज्याला थांबायचंय त्याने पुलाच्या तोंडाशी कडेला घ्यायचं आणि डावा इंडिकेटर चालू ठेवायचा. म्हणजे समोरच्याने समजायचं – या तुम्ही. बहुतेक लोक ही रीत नाइलाजाने पाळतात, नाकं मुरडत. त्या दिवसानंतर पाववाल्याची व्हॅन रोज, मी जाताना आणि परततानाही, पलीकडच्या काठावर दिसू लागली. रोज कडेला घेतलेली. रोज डावा इंडिकेटर चालू.

मी पूल ओलांडायचे, त्याच्या खिडकीशेजारून जाताना स्टेअरिंगवरचा हात जरासा उचलायचे. तो दोन बोटं उचलायचा. उघड्या खिडकीतून ताज्या पावाचा वास यायचा आणि दुपारपर्यंत माझ्या ओढणीला चिकटून राहायचा... किंवा मला तसं वाटायचं.

एके दिवशी त्याने चार बोटं उचलली. माझा दिवस त्यातच गेला. दोनाची चार का झाली? मावशीला विचारलं तर ती म्हणाली, अगं, आधी दोन बोटांत विडी असेल, आता सोडली असेल. मावशीकडे कुठलाही प्रश्न न्या, ती त्याची हवा काढून परत देते.

मग मी एक मूर्खपणा केला. सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन पुलापाशी गेले आणि झाडाखाली उभी राहून पाहत राहिले. त्याने कचऱ्याच्या गाडीला वाट दिली. दोन सायकलवाल्यांना दिली. पुलाच्या मधोमध पाठ खाजवत बसलेल्या एका कुत्र्यासाठी तो थांबला, आणि कुत्रं पार झाल्यावर – देवाशपथ सांगते – त्याने कुत्र्यालासुद्धा दोन बोटं दाखवली.

मी सायकल हातात धरून चालत घरी आले. चार बोटं म्हणजे कुत्र्याच्या दुप्पट. यात आनंद मानायचा की रडायचं, मला कळेना.

नंतर एकदा पुलाचा कठडा दुरुस्त करायला माणसं आली आणि दोन्हीकडच्या गाड्या अडकल्या. मुलांना पोचवून मी एकटीच परतत होते. उतरून पुलाच्या टोकाशी उभी राहिले. तोही उतरून पलीकडून चालत माझ्या टोकाशी आला होता. पहिल्यांदाच आमच्यामध्ये काच नव्हती.

"तुम्ही कधीच आधी जात नाही का हो?" मी विचारलं.

"गेलो होतो एकदा. जन्माला येताना," तो म्हणाला. "जुळा भाऊ मागे राहिला. अजून बोलून दाखवतो."

मी हसले. जरा जास्तच हसले असेन. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही हसलात ना, की –"

तेवढ्यात काम करणाऱ्यांनी रस्ता मोकळा केला आणि मागून हॉर्न वाजला. तो गडबडीने पलीकडे पळत जाऊन आपल्या व्हॅनमध्ये चढला, कडेला घेऊन त्याने डावा इंडिकेटर लावला. या तुम्ही.

मी हसले की – काय? त्या अर्ध्या वाक्याने मला पुढे कित्येक दिवस नीट जेवू दिलं नाही.

अशात चष्मेवाला आला. त्याचं चष्म्यांचं दुकान, मावशीची जुनी ओळख, स्वभावाने इतका सज्जन की त्याच्यात खोट काढायची तर आपल्यालाच लाज वाटावी. त्याने सरळ येऊन विचारलं, लग्न कराल का माझ्याशी? म्हणाला, घाई नाही, पण रविवारी उत्तर मिळालं तर बरं, आई गावाला जायच्या आत तिला सांगता येईल. मावशी म्हणाली, माणूस लाखात एक आहे, पण संसार तुला करायचाय. मनात दुसरं कुणी असेल तर आत्ता बोल. मी बोलणार काय? मनात कोण होतं? डावा इंडिकेटर होता. त्याला स्थळ म्हणतात का?

दुसऱ्या दिवशी पुलाजवळ मी पाववाल्याच्या खिडकीशी गाडी थांबवली आणि सांगून टाकलं. चष्मेवाल्याने विचारलंय, म्हटलं. रविवारी उत्तर द्यायचंय.

त्याचा इंडिकेटर तेवढा टिकटिकत होता. मग तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "चांगला माणूस आहे. माझ्या आईचा चष्मा त्यानेच केलाय." आणि थोडं थांबून, "त्याने... आधी विचारलं ना."

मला आधी काही समजलंच नाही. बालवाडीत पोचून मुलांना उतरवताना डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस वाट देत होता! मी म्हणजे काय कालव्यावरचा पूल?

शनिवारी मी मुलांना पोचवून, मावशीला तिथेच सोडून रिकामी गाडी घेऊन परत आले. पलीकडे तो होताच. कडेला, इंडिकेटर लावून. मी पुलाच्या तोंडाशी आले, कडेला घेतली, आणि डावा इंडिकेटर लावला.

त्याने हात केला – या. मी मान हलवली – नाही. त्याने पुन्हा हात केला. मी पुन्हा मान हलवली. दोन काठांवर दोन गाड्या 'या तुम्ही, या तुम्ही' म्हणत लुकलुकत उभ्या, आणि मध्ये पूल रिकामा. माझ्यामागे एक गाडी येऊन थांबली. आरशात पाहिलं तर चष्मेवाला. दुकान उघडायला निघालेला. त्याने अगदी सभ्यपणे, छोटासाच हॉर्न दिला.

मी गाडीतून उतरले आणि पूल चालत ओलांडला. त्याच्या खिडकीशी पोचले तेव्हा योजून ठेवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"एकच विचारते," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांसाठीच थांबता ना?"

"हो."

"कुत्र्यासाठीसुद्धा."

"...हो."

"मग मी रविवारी 'हो' म्हणून टाकते. खोटी आशा नको."

मी वळले. दोन पावलं गेले असेन.

"सगळ्यांसाठी थांबतो," तो मागून म्हणाला. आवाज अगदी हळू. "तुमची वाट बघतो."

मी जागीच उभी राहिले. त्याने मग घाईघाईने, अडखळत सगळं सांगितलं. त्याच्या फेरीच्या वाटेवर हा पूल नव्हताच कधी. रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, वाकडी वाट करून तो इथे यायचा, माझी गाडी दिसेपर्यंत इंजिन बंद करून बसायचा. गिऱ्हाइकं पाव गार म्हणून कुरकुरायची, मालक दोनदा ओरडला होता. आणि काल रात्रभर तो स्वतःला समजावत होता की ज्याने आधी विचारलं त्याचा हक्क पहिला.

"आणि मी?" मी म्हटलं. "मला कुणी विचारलं, मला कुठे जायचंय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर इतका गोंधळ की मला माझाच चेहरा आठवला. मग त्याने हात पुढे केला आणि इंडिकेटर बंद केला.

टिकटिक थांबली तेव्हा कळलं, किती मोठी होती ती.

पाववाल्याची व्हॅन पुलावर चढली. मी कठड्याला चिकटून तिच्यामागून चालत आले. अलीकडच्या काठावर तो माझ्या गाडीशी थांबला नाही. चष्मेवाल्याच्या खिडकीशी थांबला.

"माफ करा," तो म्हणाला. "या वेळी मी आधी."

चष्मेवाला गोंधळला. "अहो, पण तुम्ही तर पार झालातसुद्धा," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष धापा टाकत आलेल्या माझ्याकडे गेलं. माझ्याकडून पाववाल्याकडे, पुन्हा माझ्याकडे.

मी म्हणाले, "उद्याचं उत्तर मी आजच देते. मला... जमणार नाही. तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही."

त्याने चष्मा काढला, रुमालाने हळूहळू पुसला, पुन्हा डोळ्यांवर ठेवला. "समोरचं होतं हो," तो म्हणाला. "मलाच दिसलं नाही." आणि कसनुसं का होईना, हसला. सांगितलं ना, लाखात एक माणूस. तो पूल ओलांडून गेला तेव्हा मी हात उचलला आणि त्यानेही उचलला.

पाववाला व्हॅनमधून उतरला. व्हॅन भर रस्त्यात, ना कडेला ना धड मध्ये. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"त्या दिवशीचं वाक्य अर्धं राहिलंय," मी म्हणाले. "मी हसले, की काय?"

तो बोलायला लागला. मागे टेम्पो आला, टेम्पोमागे शाळेची बस, बसमागे आणखी कुणीकुणी. हॉर्नवर हॉर्न वाजत होते. कुणी खिडकीतून डोकं काढून विचारत होतं, रस्ता तुमच्या बापाचा आहे का. कुत्र्यालाही वाट देणारा तो माणूस सगळा रस्ता अडवून उभा होता, आणि त्याला त्यातलं काहीएक ऐकू येत नव्हतं.