हातभर धुरा, दीड हात धुरा

ते साल एकोणीसशे अडतीस. अर्जुनी मोरगावाजवळच्या एका खेड्यात धानाची रोवणी आटोपून महिना झाला होता.

बकाराम पंच्याहत्तरीच्या पुढे गेला होता, तरी रोज सकाळी बांध्यांतलं, धानाच्या वाफ्यांतलं, पाणी पाहायला मधल्या अरुंद मातीच्या धुऱ्यांवरून फिरायचा. त्या पावसाळ्यात तो दोनदा घसरला. वैदूनं बजावलं होतं, तिसऱ्यांदा पडला तर कंबरेचं हाड सांधणार नाही. पण बकाराम काठीला हात लावेना.

"काठी बुढ्यायले पायजे," तो म्हणायचा.

मायबापाविना वाढलेली त्याची नात शामकला मग भाजी खुडण्याचं निमित्त करून पाच पावलं मागं राहायची. या आज्याशिवाय तिला कोणी नव्हतं.

एके सकाळी ओल्या धुऱ्यावर बकारामचा पाय सटकला. शामकला धावली, पण त्याआधीच शेजारच्या बांधीतून एक चिखलानं माखलेला हात आला आणि म्हाताऱ्याचं कोपर सावरून गेला.

"बाबाजी, तुमच्या आधारानं वाचलो जी," हाताचा धनी म्हणाला. "नाही त मी पडलोच होतो."

"पाय जमवून टाकत जा, पोट्ट्या," बकाराम ऐटीत म्हणाला आणि पुढं गेला.

शामकलेनं पदर तोंडाशी धरला. पोरानं तिच्याकडं पाहिलं... आणि तोही हसला. त्या शेजारच्या शेताचा मालक केशोराव, त्याचा भाचा उदाराम होता तो, मामाची शेती करायला बोदलकशाहून आलेला.

दुसऱ्या दिवशी त्याच धुऱ्यावर तणस, धानाचा वाळला पेंढा, पसरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नवं, कोरडं. बकारामचे पाय आता घट्ट पडू लागले. आजा पुढं गेल्यावर शामकला थांबली.

"हे तणस तुम्हीच टाकून राहिले ना?"

"बैलायच्या तोंडून सांडत असन."

"एवढं सरळ रेघेत?"

"मामाचे बैल शिकलेले आहेत." त्यानं खाली पाहिलं. "बाबाजीले सांगशील त उद्यापासून नाही टाकत."

"अना नाही सांगितलं त?"

"त... त रोज भाजी खुडाले येजो."

ती रोज गेली. घरात भाजी इतकी झाली, की बकाराम म्हणाला, "कायले वं, मले बकरी समजते का?"

पोळ्याच्या सुमारास धुरा रुंद होऊ लागला. शामकलेनं पाहिलं, उदारामनं आपल्या बांधीतली कडेची धानाची ओळ उपटली होती आणि तिथला चिखल थापून धुरा हातभराचा दीड हात केला होता. तिचं काळीज भरून आलं.

बकारामनं पाहिलं, ते मात्र वेगळंच. धुऱ्यावरून तिथं डोकी फुटायची. रुंद धुरा पाहून त्याचं माथं तापलं, आणि रागात तो आपली बांधी मोजायचीच विसरला.

"केशोरावच्या भाच्यानं माझी जमीन चोरली. परवा पंच बसवतो. अना तू त्या पोट्ट्याकडं पाहशील त माझं मेलेलं तोंड पाहशील."

शामकला उदारामला गाठायला विहिरीवर गेली. "मी सांगून टाकते आज्याले."

"काय सांगशील? तुमचे पाय थकले म्हणून? आज्याची मान खाली जाईल चार लोकात."

"अना तुम्हाले चोर म्हणतील, त्याचं?"

"म्हणू दे." मग जरा थांबून, "तू... तू नाही म्हणत ना?"

घागर अर्धीच भरून ती परतली.

पंच आले. पंचांतला वडीलधारा बिसराम यानं धुऱ्यात गाडलेल्या हद्दीच्या दगडापासून दोर धरला. बकारामची बाजू पुरी भरली. उदारामची बाजू अर्धा हात कमी.

"बकाराम," बिसराम दोर गुंडाळत म्हणाला, "यानं तुझं घेतलं नाही गा. आपलंच दिलं."

"काऊन गा?" बकारामनं पोराला विचारलं. "येडा झाला?"

उदाराम पायाकडं पाहत म्हणाला, "माझाच पाय घसरते जी. रुंद धुरा पायजे होता."

बकारामनं तणसाकडं पाहिलं. मग नातीकडं. तिचे डोळे काठोकाठ भरले होते. मग म्हाताऱ्यानं हात पुढं केला.

"धर. तुझा पाय घसरून राहिला ना."

सगळ्या पंचांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, तो दुसऱ्याच्या हाताला धरून धुऱ्याच्या टोकापर्यंत चालला. टोकाशी पोचूनही त्यानं हात सोडला नाही.

"घरी चल. पोट्टीले इचारू."

शामकला मागं पाच पावलांवरच होती. "इचारायचं काय त्यात..." ती पुटपुटली.

फाल्गुनात लग्न झालं. बकाराम पुढं नऊ वर्षं जगला, एकदाही पडला नाही. सत्तेचाळीसच्या ऑगस्टात शाळेपुढच्या झेंड्याला त्यानं उभ्यानं सलाम केला आणि त्या हिवाळ्यात आपल्या खाटेवर, झोपेत गेला. केशोरावनं शेत भाच्याच्या नावे केलं. दोन्ही शेतं एक झाली, तेव्हा बिसराम म्हणाला, आता धुरा मोडा, दोन ओळी धान वाढन. उदारामनं मोडला नाही.

बिसरामही गेला. उदाराम म्हातारा झाला आणि काठीला हात लावेना. मग रोज सकाळी धुऱ्याशी आल्यावर शामकला थांबायची.

"माझा पाय घसरते जी," ती म्हणायची. "हात द्या."

तो सगळं समजून हसायचा, आणि हात द्यायचा.