चौदा जणींची सही

रक्षितानं ती गुळगुळीत पुस्तिका टेबलावर अशी आपटली, की जोतीरामचा चहा बशीत सांडला.

"वाचा! पान सहा."

शाहूपुरीतल्या त्या माडीवर अक्काताईंचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. बाई कागलच्या पलीकडच्या. घरात कानडी, बाजारात मराठी. त्यांचा जोडीदार जोतीराम बिद्रीचा, निवृत्त हवालदार. अंगानं दांडगा, डोक्यानं सावकाश, रागाला मात्र लवकर.

त्यानं पान काढलं. लॉ कॉलेजच्या 'प्राध्यापकांचे कार्य व यश' या मथळ्याखाली छापलं होतं: 'हक्कसोडपत्र आणि सीमाभागातील स्त्रिया. संशोधन: प्राचार्य अमरसिंह व प्रा. सोमशेखर.'

"हे माझं आहे!" रक्षिताचा आवाज रागानं फाटला. "तासिकेवर शिकवते मी तिथं. तीन वर्षं रविवार मोडून गावं हिंडले. एकवीस बायकांनी बापाच्या जमिनीतला वाटा भावाला का सोडला, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवलं. ती वही स्टाफरूमच्या कुलूपबंद कपाटातून गेली. तक्रार केली, तर प्राचार्य सर म्हणतात मीच त्यांचं चोरलं! उद्या कॉलेज तपासायला नॅकची समिती येतेय. आज चारपर्यंत माफीनामा द्यायचा, नाहीतर घरी बसायचं."

"त्यांचा लेख वाचलास?"

"दाखवतच नाहीत. पण त्या बायकांना मी शब्द दिलाय अक्काताई, बोललात तेच लिहीन म्हणून. बहिणीपायी हक्क सोडलेल्या बाया आहेत त्या!"

जोतीरामच्या डोक्यात तिडीक गेली. "चला की आत्ताच. कॉलर धरून इचारतो."

"इचारायचंच हाय. कॉलर ऱ्हाऊ दे," अक्काताई चपला घालत म्हणाल्या.

प्राचार्य अमरसिंह साताऱ्याकडचे. बोलणं लोण्यासारखं. "लिखाण सगळं सोमशेखरांचं. मी फक्त मार्गदर्शन केलं. आम्हा दोघांशिवाय या कागदांना कुणाचा हात लागलेला नाही." त्यांनी लेख काढून मोठ्यानं वाचला, "हे पाहा. 'चौदा स्त्रियांनी सांगितले, तंगीसाठी सही केली. यावरून आर्थिक चणचण हेच प्रमुख कारण ठरते.' काय निरीक्षण आहे!"

जोतीरामनं मान डोलावली. पैशापायीच सही केली असणार बिचाऱ्या बायांनी.

"स्टाफरूमच्या कपाटाची किल्ली कुणाकडं असती?" अक्काताईंनी विचारलं.

"एक माझ्याकडे, एक सोमशेखरांकडे."

सोमशेखर पलीकडच्या खोलीत पेपर तपासत होते. संकेश्वरचा माणूस, चाळिशीचा. त्यांनी मान वर केली नाही. "सरांनीच लिहिलाय. सीमाभागातलं नाव हवं म्हणून माझं घातलं. मी नाही म्हटलं नाही."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. "हां, तंगी... व्हय, संध्याकाळी येतो. ठेव आता."

बाहेर येताच जोतीराम फणकारला, "एवढा पगार घेतोय, तरीबी फोनवर तंगी! ह्यानंच चोरलंय बघा. गरजवंत दिसतोय."

अक्काताई त्याच्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "जोतीराम, तू आज लई मोठं काम केलंस."

चार वाजता प्राचार्यांच्या खोलीत सगळे जमले. माफीनाम्याचा कागद टेबलावर तयार होता. रक्षिता उभीच राहिली.

"दोघं एकमेकांकडं बोट दाखवतायत," अक्काताई म्हणाल्या. "सर, तुम्ही वाचलंत, तंगीसाठी सही केली. चणचणीसाठी कोण सही करतं हो? चणचणीमुळं करत्यात. ते 'साठी' माझ्या कानाला खटकलं. मग सोमशेखरांचा फोन आला. कुणाचा होता?"

"धाकट्या बहिणीचा," सोमशेखर म्हणाले.

"कानडीत धाकटी बहीण म्हणजे तंगी. सीमेवरची बाई मराठी बोलतानाबी तोच शब्द वापरती. आता सांगा, रोज बहिणीला तंगी म्हणणारा माणूस त्या शब्दाचा अर्थ चणचण असा लिहील व्हय? ह्या कागदाला दोघांचेच हात लागलेत, हे सर तुम्हीच सांगितलंय. एक सुटला. उरला कोण?"

अमरसिंहांचा चेहरा पडला.

"गावात जाऊन त्या बायांशी बोलला असता, तर चुकला नसता. तुम्ही वही वाचलीत फक्त. आन् रक्षिता सकाळीच म्हणाली होती, बहिणीपायी हक्क सोडला. लेख न बघता!"

"धाकटीचं लग्न भावानं करून द्यावं म्हणून थोरलीनं वाटा सोडला," रक्षिता म्हणाली. "चौदा घरांत! आणि तुम्ही लिहिलंत, चणचण होती!"

"आणि तुम्ही ओ?" जोतीराम सोमशेखरांवर कडाडला. "नाव लावलं, वाचलं न्हाय?"

"नाही वाचलं," सोमशेखर पुटपुटले. "वाचलं असतं तर..."

"लाज वाटू द्या!"

अमरसिंहांनी खण उघडून वही काढली. "रक्षिता, वाद नको. तिसरं नाव तुझं घालू."

"आधी ती ओळ खोडा. लेखात जिथं जिथं चणचण आहे तिथं. वर लिहा, धाकट्या बहिणीसाठी."

एकेका बाईची हकिकत वेगळी लिहिलेली होती, त्यामुळे ती चूक आणखी चौदा जागी होती. शेवटची दुरुस्ती होईपर्यंत रक्षिता अमरसिंहांच्या खांद्यापाशी उभी होती.

"आता लेखाचं पहिलं पान. तिथं दोन नावं चुकलीत."

सोमशेखर पुढं झाले आणि त्यांनी स्वतःचं नाव स्वतःच खोडलं. अमरसिंहांनी पेन खाली ठेवलं.

जोतीरामनं ते उचललं आणि पुन्हा त्यांच्या हातात दिलं.